पुरलेला हात

हात सापडला त्या दिवशी नेमकी मी रजेवर होते. बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. इतकी वर्षं त्या टेकडीवर धूळ खाल्ली, दगडाचे तुकडे जोडून जोडून कंबरेची वाट लागली, तेव्हा कधी काही धड सापडलं नाही. आणि मी एक दिवस पाठ फिरवली तर जमिनीतून थेट बुद्धाचा हात वर आला. याला नशीब म्हणायचं की चेष्टा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमची कामाची जागा म्हणजे शहराबाहेरची एक टेकडी. तिच्यावर एका जुन्या विहाराचे अवशेष आहेत. भिक्खूंच्या खोल्यांचे गुडघाभर उरलेले पाये, मधलं मोठं अंगण, स्तूपाचा गोल चौथरा, आणि अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या छपराखाली बसलेली दगडी बुद्धमूर्ती. मूर्ती माणसापेक्षा थोडी मोठी आहे. डावा हात मांडीवर, चेहरा शाबूत, नाक जरा झिजलेलं. उजवा हात मात्र कोपराच्या वरूनच गेलेला. तो कसा असेल, हे कुणालाच माहीत नव्हतं. तळवा पुढे करून 'भिऊ नका' म्हणणारा, की खाली जमिनीला टेकलेला, की शिकवताना बोटं जुळवलेला? उजवा गुडघाही फुटलेला, त्यामुळे तिथेही काही खूण नाही. येणारा प्रत्येक जाणकार आपापलं मत देऊन जायचा आणि दोन जाणकारांचं मत कधी जुळायचं नाही.

मी तिथे जोडकाम करते. फुटलेले दगड ओळखायचे, साफ करायचे, वाळूच्या पेटीत उभे करून एकमेकांना चिकटवायचे. कुठलाही तुकडा मूर्तीला लावायचा तर माझा होकार लागतो. आमच्या प्रमुख बाईंचा होकार माझ्यानंतर. हे ऐकायला मोठं वाटतं, पण खरं सांगायचं तर त्या मूर्तीला लावण्यासारखं माझ्या हाती कधी काही लागलंच नव्हतं. पायऱ्या जोडल्या, कठडे जोडले, एका खांबाचं डोकं जोडलं. उजव्या हाताची वाट मात्र मी नोकरीला लागल्यापासून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर गोदामात सगळे माझ्या टेबलाभोवती जमलेले. मधोमध ओल्या पोत्यावर तो हात. कोपराजवळ तुटलेला, तिथून बोटांपर्यंत अख्खा. तळवा पुढे, बोटं वर, जराशी सैल. भिऊ नका म्हणणारा हात. बाई माझ्याकडे बघत होत्या, माझ्या डोळ्यांत पाणी आलंय हे त्यांना दिसलं आणि त्यांनी तोंड फिरवून उगाच कुणाला तरी पाणी आणायला पिटाळलं. बाई तशा कडक, पण अशा वेळी माणसाला सांभाळून घेतात.

"छप्पर बदलून मूर्ती लोकांसाठी उघडायची, त्याच्या आधी जोडून होईल ना?" त्यांनी विचारलं.

"नक्की होईल," मी म्हटलं. माझी जीभ नेहमीच डोक्याच्या पुढे धावते.

संध्याकाळी घरी आले ती तरंगतच. आई भाजी निवडत होती, बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. बाबांचं आयुष्यही त्याच टेकडीवर गेलं. ते दुरुस्तीच्या टोळीत पाथरवट होते. त्यांनी हजारो चिरे घडवले असतील. पण मूर्तीला हात लावायची टोळीला परवानगी नव्हती. साधे दगड तेवढे त्यांचे. आता त्यांची आठवण चाळणीसारखी झाली आहे. सकाळचं दुपारी नसतं, आणि पन्नास वर्षांपूर्वीचं मध्येच लख्ख येतं, निदान लख्ख आल्यासारखं वाटतं. मी त्यांना सगळं रंगवून सांगितलं. तळवा, बोटं, तो कुठे सापडला ते.

"पाथरवटांच्या शेडच्या मागे सापडला म्हणतेस?" बाबांनी विचारलं.

"हो. आता शेड नाहीये, नुसता चौथरा उरलाय. तिथे चर खणायला घेतलाय."

"मग तो माझा आहे," बाबा म्हणाले.

मी हसले. आई हसली. बाबा हसले नाहीत.

"एका साहेबांनी सांगितलं होतं, एक हात करून बघ म्हणून. मी केला. मग पुरला."

आता हे पुरण्याचं काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बाबांच्या टोळीचा एक रिवाज होता. बिघडलेला दगड उघड्यावर टाकायचा नाही, पुरायचा. उघड्यावर पडला तर उद्या कुणीतरी उचलून भिंतीत बसवेल, आणि आपलं बिघडलेलं काम जन्मभर सगळ्यांसमोर राहील, ही त्यातली लाज. चांगल्या दगडाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, ज्याची त्याची खूण कोरलेली असायची, म्हणजे नवं कुठलं आणि जुनं कुठलं ते कळावं. बाबांची खूण म्हणजे शेजारी शेजारी दोन आडव्या रेघा. पण ही खूण फक्त लागणाऱ्या दगडाला. पुरायच्या दगडाला कशाला कोण खूण करत बसेल? पुढेमागे कुणी त्यांची शेडसुद्धा खणून काढेल, हे त्या भल्या माणसांच्या डोक्यातही आलं नाही.

"काय बिघडलं होतं त्यात?" मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे अगदी गोंधळून पाहिलं आणि म्हणाले, "कशात?"

मी रात्रभर तळमळणाऱ्यांतली नाही. पण दुसऱ्या दिवशी कामावर गेले ती डोक्यात किडा घेऊनच. हाताला खूण नव्हती. म्हणजे तो प्राचीन असू शकतो, किंवा पुरलेला असू शकतो. तुटलेल्या जागा जुळवून पाहाव्यात, तर मूर्तीच्या दंडाचा तुटका भाग कुणी तरी फार पूर्वी घासून सपाट केला होता. सिमेंटचा हात बसवायला म्हणे. तो हात पुढे काढून टाकला, सपाटी तशीच राहिली. ज्यांनी हे केलं त्यांना मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

आमच्याकडे दगडांची परीक्षा करणारा एक तज्ज्ञ आहे. गळ्यात कायम भिंग लटकवून फिरतो म्हणून सगळे त्याला दुर्बीण म्हणतात. तोंडावर नाही, पण त्याला माहीत आहे. मी त्याला बाजूला घेऊन बाबांचं म्हणणं सांगितलं. त्याने दोन दिवस त्या हाताचा पिच्छा पुरवला.

"ताई, दगड मूर्तीचाच," तो सांगायला आला. "म्हणजे खाण तीच."

"बाबांची टोळीही त्याच खाणीतून दगड आणायची."

"हो, तेच तर. आणि छिन्नीचे घाव जुन्या पद्धतीचे आहेत."

"बाबांच्या टोळीला जुन्या पद्धतीनेच घडवायला शिकवलं होतं. नवा दगड वेगळा दिसू नये म्हणून."

"हो," दुर्बीण म्हणाला. "वरचा थर बघावा, तर तो धुताना गेला. ज्या पोरांनी काढला त्यांनी आनंदाच्या भरात ब्रशने घासून चकाचक केला. माती बघावी, तर शेड बांधताना, पाडताना, पुन्हा खणताना सगळी वरखाली झालेली."

"मग तुझं मत काय?"

"माझं मत असं की तुमचं मत काय ते मला आधी सांगा," तो म्हणाला आणि पसार झाला.

बाईंना सांगणं भागच होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो बिनतोड होता.

"बिघडलेला दगड पुरायचे ना? मग या हातात बिघडलंय काय ते मला दाखव."

मी हात फिरवून फिरवून पाहिला. उजेड बदलून पाहिला. आरशात उलटा करून पाहिला. त्यात मला काहीच बिघडलेलं दिसेना. इतका चांगला हात माझ्या बापाने मातीत का घालावा? मला हायसं वाटलं. आणि लगेच वाईटही वाटलं, कारण तो इतका चांगला असल्यामुळेच बाबांचा नसणार, असं मी किती सहज धरून चालले होते.

घरी मात्र बाबांनी त्या हाताचा धोसराच धरला. एरवी सकाळचं दुपारी विसरणारा माणूस, पण मी चपला काढते न काढते तोच प्रश्न तयार.

"तो हात मी केला का गं?"

आधी ते ठाम होते. मग त्यांनाच शंका यायला लागली. आपणच सांगितलेलं आपणच विचारायचं, असं सुरू झालं. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाबा, हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला?"

"मला आठवत नाही म्हणून तर विचारतोय," ते म्हणाले. "आयुष्यभर नुसते चिरे घडवले. एक हात केला असेल तर तेवढं मला कळू दे. नसेल केला तर नाही म्हण. मी काही रडत बसणार नाही."

त्यांना ना बक्षीस हवं होतं, ना नाव. आपण आयुष्यात काय केलं हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगू शकेल असं टोळीतलं आता कुणीही उरलेलं नव्हतं.

मी आईला विचारलं. आई म्हणजे तोंडाची तिखट, पण खोटं बोलणार नाही.

"छे गं," ती म्हणाली. "तुझ्या बापाने साधा उंबरा घडवला तरी आठवडाभर मला त्याचं कौतुक ऐकावं लागायचं. बुद्धाचा हात केला असता आणि गप्प बसले असते होय? शेजारपाजाऱ्यांना उठवून सांगितलं असतं."

हे पटण्यासारखं होतं. बाबा अलीकडे दिसेल त्या दगडावर हक्क सांगतात हेही खरं होतं. दवाखान्याच्या वाटेवरचा पूल त्यांनी बांधला, बागेतलं कारंजं त्यांनी केलं, बँकेची पायरी त्यांची. मी मनाशी ठरवून टाकलं की हातही त्यातलाच. बाईंना होकार कळवायचा.

दुसऱ्या दिवशी बाबांना फिरायला नेलं तर बागेतल्या दगडी बाकाशी थांबले. "हा माझा," म्हणाले. मी म्हटलं, "हो हो, तुमचाच." आणि काय वाटलं कुणास ठाऊक, खाली वाकून बाकाच्या खालून हात फिरवला. बोटांना दोन आडव्या रेघा लागल्या.

मी तिथेच फतकल मारून बसले. येणारे जाणारे बघायला लागले. बाबा वरून म्हणाले, "काही पडलं का तुझं?"

त्या संध्याकाळी आईने उरलीसुरली गाडीही रुळावरून खाली ढकलली. जेवताना मध्येच थांबली आणि म्हणाली, "एकदा मात्र काही बोलले नव्हते हं. बरेच दिवस उशिरा यायचे. काय चाललंय विचारलं तर सांगत नव्हते. मग एक दिवस आले, हातपाय धुतले आणि न जेवता झोपले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, पुरलं. मला वाटलं उंबरा असेल."

"आई, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू हाताचं विचारलंस. त्यांनी मला हात असं कुठे सांगितलं होतं?" आई म्हणाली, आणि पुन्हा जेवायला लागली.

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. सकाळी वाटायचं, प्राचीन आहे. त्या सैल बोटांत जी माया आहे ती पगारी पाथरवटाला कशी जमेल? दुपारी वाटायचं, का नाही जमणार, हजार-दीड हजार वर्षांपूर्वी ज्याने मूर्ती घडवली तोही कुणाचा तरी पगारी पाथरवटच असेल. मला काय हवंय तेही मला कळेना. हात प्राचीन ठरला तर मी तो जोडणार, मूर्ती पुरी होणार, माझ्या नोकरीचं सार्थक होणार. बाबांचा ठरला तर तो मूर्तीला कधीच लागणार नाही, पण माझ्या बापाने एक हात केला होता हे सिद्ध होणार. दोन्ही मला हवं होतं. दोन्ही एकदम होणं शक्य नव्हतं. मी घरची चीड कामावर आणि कामावरची चीड घरी काढू लागले.

बाई थांबायला तयार होत्या, पण छपराचं काम थांबत नव्हतं. नवं छप्पर चढलं. बाईंनी मला आपल्या खोलीत बोलावलं.

"मला तुझी अडचण कळते," त्या म्हणाल्या. "पण मला उत्तर हवंय. हो तर हो, नाही तर नाही. चुकून आजच्या माणसाचा हात मूर्तीला लावला, आणि मूर्ती अभय देत होती असं आपण जगाला सांगितलं, तर ते खोटं कायमचं होऊन बसेल. आणि खरा हात आपण गोदामात टाकून दिला तर तेही पाप माझ्याच माथी."

"बाबांना एकदा हात दाखवू या," मी म्हटलं. "अजून त्यांनी तो पाहिलेला नाही."

"त्यांना आठवत नाही म्हणतेस ना?"

"डोक्याला आठवत नाही. बघितल्यावर काही आठवलं तर आठवलं."

खरं तर मी आतापर्यंत त्यांना नेलं नव्हतं ते मुद्दामच. त्यांनी बघून 'हा माझा नाही' म्हटलं तर, आणि 'माझा आहे' म्हटलं तर, मला दोन्हीची भीती वाटत होती.

बाबांना टेकडीवर आणलं तेव्हा ऊन कोवळं होतं. अंगणातून जाताना ते खोल्यांच्या पायांकडे बघत होते. कुठल्या चिऱ्यावर हक्क सांगतील म्हणून मी वाट पाहत होते, पण ते गप्पच होते. मूर्तीसमोर आल्यावर त्यांनी चपला काढल्या, जरा वेळ उभे राहिले, आणि नव्या छपराकडे बघून म्हणाले, "पाणी कुठून जाणार याचं?" दुर्बीण हसला. मला हसू आलं नाही.

गोदामात माझ्या टेबलावर, वाळूच्या पेटीत हात उभा करून ठेवला होता. बाई भिंतीशी उभ्या राहिल्या, दुर्बीण त्यांच्या शेजारी. मी बाबांना स्टुलावर बसवलं. ते त्या हाताकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग त्यांनी हात पुढे केला आणि दगडी तळव्यावरून बोटं फिरवायला सुरुवात केली. करंगळीपासून सुरुवात केली, एकेक बोट, सावकाश. अंगठ्याच्या मुळाशी त्यांचं बोट थांबलं. पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा थांबलं.

"इथं राहिलंय," ते म्हणाले.

"काय राहिलंय, बाबा?"

"इथं दगड जास्त राहिलाय. अंगठा सुटत नाही तळव्यापासून."

बाई पुढे आल्या. दुर्बिणीने भिंग लावून पाहिलं आणि खांदे उडवले. मी पाहिलं. आता त्यांनी म्हटल्यावर मला ते दिसायला लागलं. पण बाबांनी म्हटलं असतं की इथं सहावं बोट आहे, तर मला तेही दिसलं असतं. माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास उरलेला नव्हता.

"म्हणून पुरला का?" मी हळूच विचारलं.

बाबांनी माझं ऐकलंच नाही बहुतेक. त्यांचा डावा हात टेबलावर चाचपत होता. जुनं सिमेंट खरवडायची माझी लहान छिन्नी तिथे पडलेली होती, तिच्या शेजारी लाकडी हातोडा. त्यांनी दोन्ही उचललं. भाकरी मोडायला हात पुढे करावा इतक्या सहज उचललं. छिन्नीचं तोंड अंगठ्याच्या मुळाशी टेकवलं, हातोडा उचलला.

"अहो! अहो, थांबा!" बाई ओरडल्या.

मी झेप घेऊन बाबांचं मनगट पकडलं.

हातोडा हवेतच राहिला. बाबांनी आधी माझ्या मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे माझा नाही," ते म्हणाले.

त्यात राग नव्हता. विचारलेल्या पत्त्यावर तो माणूस राहत नाही असं कळावं आणि मागे फिरावं, तसं ते म्हणाले. वर आणखी म्हणाले, "माझ्या दगडावर मी हात चालवताना मला कधी कुणी धरलं नव्हतं."

मी त्यांना काय सांगणार होते? मी काही ठरवलं नव्हतं. इतके आठवडे माझ्या डोक्याला जे ठरवता आलं नाही ते माझ्या मुठीने एका क्षणात ठरवून टाकलं होतं. बाईंनी सोडलेला निःश्वास मला ऐकू आला. त्यांना त्यांचं उत्तर मिळालं होतं. दुर्बिणीलाही मिळालं होतं. आणि बाबांनाही मिळालं होतं. त्यांनी म्हटल्याप्रमाणे ते रडत वगैरे नव्हते. नुसते बसले होते, मी धरलेला हात माझ्याकडेच सोपवून. त्यांचे खांदे मात्र एकदम उतरले. माझ्या बापाला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी मनगट सोडलं.

"चालवा, बाबा," मी म्हटलं.

"तू शुद्धीवर आहेस का?" बाई म्हणाल्या.

मी शुद्धीवर होते. घाव बसला असता आणि हात प्राचीन असता, तर मला स्वतःला कधीच माफ करता आलं नसतं, नोकरी तर गेलीच असती. बाई पुढे झाल्या तशी मी त्यांच्या आणि टेबलाच्या मध्ये उभी राहिले. एवढं कळत असूनही मी उभी राहिले. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

बाबांनी पुन्हा छिन्नी टेकवली. त्यांचा हात कापत होता. छिन्नीचं तोंड दगडावर एका जागी ठरेना, टिकटिक असा बारीक आवाज येत राहिला. त्यांनी दोनदा जागा धरायचा प्रयत्न केला. मग त्या कापणाऱ्या टोकाकडे ते जरा वेळ बघत बसले, आणि दोन्ही हत्यारं त्यांनी शेजारी शेजारी टेबलावर ठेवून दिली.

"राहू दे," ते म्हणाले. "आता बिघडेल." मग दगडी तळव्यावरची नसलेली धूळ फुंकून त्यांनी वर पुस्ती जोडली, "ज्याने केलाय त्याने बरा केलाय."

दुर्बिणीने त्यांना हाताला धरून बाहेर उन्हात नेऊन बसवलं. बाईंनी दार लोटलं. आता माझी धडगत नाही असं मला वाटलं, पण त्या ओरडल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या आणि कपाळ चोळत म्हणाल्या, "आता सांग. जोडायचा?"

"नाही."

"म्हणजे तो त्यांचा आहे."

"माहीत नाही, बाई."

"अगं, मग काय माहीत आहे तुला?"

"त्यांचा असल्याची खात्री असती तर मी त्यांना धरलं नसतं. आणि जुना असल्याची खात्री असती तर सोडलं नसतं. मी दोन्ही केलं. तुमच्या डोळ्यांदेखत केलं. अशा माणसाचा होकार घेऊन तुम्ही मूर्तीला हात लावणार का?"

बाई उठल्या, हातावर ओलं पोतं घातलं आणि म्हणाल्या, "गोदामातच ठेव. मूर्ती आहे तशी उघडू." जाता जाता दारात थांबल्या. "मला वाईट वाटलंय. तुझ्यावर राग नाही, पण वाईट वाटलंय." मी मान हलवली. मलाही वाटलं होतं. ज्या कामासाठी मी इथे आले, इथेच राहिले, ते आता माझ्या हातून होणार नव्हतं, आणि ते मीच घालवलं होतं. वाळूची पेटी रिकामी करताना मी चांगलं रडून घेतलं.

घरी जाताना रिक्षात बाबा कडेला बसले होते. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उडत होते. टेकडी मागे पडली, पूल गेला, दुकानं सुरू झाली. त्यांना सगळं विसरायला एवढा वेळ पुरतो. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून, रोजच्यासारखंच, अगदी नव्याने विचारलं.

"तो हात मी केला का गं?"

मी आधीच ठरवून ठेवलं होतं. ज्या माणसाला संध्याकाळपर्यंत काही आठवत नाही त्याच्याशी खऱ्याखोट्याचा हिशेब कशाला करायचा? रोज विचारलं तर रोज हो म्हणायचं. यात कुणाचं काय जातं?

"हो, बाबा," मी म्हटलं. "तुम्हीच केलाय."

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, आणि मला इतकं बरं वाटलं की हे आधीच का केलं नाही असं झालं. ते समोर बघत राहिले. सिग्नल सुटला. रिक्षा निघाली. त्यांनी आपलं उजवं मनगट डाव्या हाताने चोळलं. माझी बोटं तिथे जोरात रुतली होती, लाल वळ अजून दिसत होते. ते त्या वळांकडे बघत बसले.

"मग तू मला धरलंस कशाला?" त्यांनी विचारलं.

रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं. बाबा माझ्या उत्तराची वाट बघत होते, आणि माझ्याजवळ उत्तर नाही हे त्यांना हळूहळू कळत गेलेलं मला दिसलं. मग त्यांनी शर्टाची बाही खाली ओढून मनगट झाकलं.